मदत हवी आहे : तीन महिन्यांच्या सरावानंतरही तांब्या चुकतो

पंचवटीकर :
नमस्कार. गेले तीन महिने मी रोज पाऊण तास रेखाटनाचा सराव करत आहे. सरळ रेषा, लंबवर्तुळे आणि खोके यांनी दोनशे पानी वही भरत आली आहे, तरीही भांडीबाजारातून आणलेला तांब्या काढायला घेतला की तो हमखास चुकतो. घरचे ‘छान आहे’ म्हणतात आणि एका चित्रकला समूहावर ‘सराव वाढवा’ एवढेच उत्तर मिळते. पण सरावात नेमके काय बदलायचे ते कोणीच सांगत नाही. येत्या रविवारी गोदाघाटावर रेखाटनाला जायचे आहे, त्यामुळे कृपया लवकर सांगावे.

रेघोटी :
चित्र जोडलेले दिसत नाही. ‘चुकतो’ म्हणजे तोंड वाकडे होते, दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत, की छाया जमत नाही? पेन्सिल कोणती आणि समोर प्रत्यक्ष तांब्या ठेवता की छायाचित्र?

निवृत्त कलाशिक्षक :
पंचवटीकर, तुम्ही स्मरणचित्रे काढा. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र असे दोन स्वतंत्र विषय असतात, ते उगीच नव्हे. तांब्या दहा मिनिटे नीट न्याहाळा, मग पाठ फिरवून काढा आणि पुन्हा समोर ठेवून ताडून पाहा. चूक कुठे आहे, ते तुमचे तुम्हालाच दिसेल.

शाईवाला :
सर, क्षमा असावी, पण ज्यांना समोरचे दिसूनही उतरत नाही त्यांनी आठवणीतून काढले तर चुकाच पक्क्या होतील. माझ्या अनुभवाने सांगतो, पेन्सिल आणि खोडरबर दोन्ही बाजूला ठेवून पेनाने काढावे. पुसता येत नाही म्हटल्यावर माणूस रेघ मारण्याआधी दोनदा पाहतो.

निवृत्त कलाशिक्षक :
नवख्या हातात पेन दिल्यास भीतीने रेघ तुटक येते, हे मी वर्गात अनेक वर्षे पाहिले आहे. हलक्या हाताने बांधणी करायला पेन्सिलच हवी.

नवा कागद :
मी मागच्या वर्षी पडद्यावर चित्र काढण्याचा टॅब्लेट घेतला आणि कागदाचा खर्चच थांबला. आपणही विचार करावा.

पंचवटीकर :
टॅब्लेट घ्यायचा नाही. पेन्सिल २बी आहे. तांब्याचे छायाचित्र मोबाइलवर घेतले आहे आणि ते पाहून दिवाणावर मांडी घालून, वही मांडीवर ठेवून काढतो. तोंड मोठे होते, बूड सपाट येते आणि एकूण तांब्या पुढे कलंडल्यासारखा वाटतो. हे सांगण्याची गरज असेल, असे वाटले नव्हते.

रेघोटी :
गरज नेमकी याचीच होती. वही मांडीवर आडवी असली की कागदाचा वरचा भाग डोळ्यांपासून दूर पडतो आणि आखूड भासतो, म्हणून हात नकळत तिथला आकार वाढवतो. वही उभी धरून पाहिली की तोंड मोठे झालेले कळते. त्यातच मोबाइल जवळ धरून वरून छायाचित्र घेतले असेल, तर त्यातही तोंड मोठे आणि बूड लहान आलेले असणार. म्हणून फळी गुडघ्यावर टेकवून तिरकी उभी करा आणि तांब्या प्रत्यक्ष समोर ठेवा. आपल्या नाशिकचे शिवाजी तुपे जागेवर बसून जलरंगात निसर्गचित्रे करत. त्यामागेही प्रत्यक्ष पाहण्याचाच आग्रह होता, असे मला वाटते.

बुडाची चूक वेगळी आहे. तांब्या पाटावर सपाट टेकलेला आहे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण खाली सरळ रेघ ओढतो. पण डोळा काठाच्या वर असेल, तर जसजसे खाली जावे तसतशी लंबवर्तुळे अधिक फुगीर दिसतात. म्हणजे काठ चपटा आणि बुडाची कड त्याहून गोलसर. तुमच्या वहीत सगळी लंबवर्तुळे एकाच फुगवट्याची असतील, तर हातांना तेवढेच वळण लागले आहे. एक उभी अक्षरेषा आखून तिच्यावर पाच लंबवर्तुळे वरून खाली फुगवत न्या, टोके टोकदार करू नका आणि प्रत्येकाचा लांब अक्ष उभ्या रेषेशी काटकोनात ठेवा.

शाईवाला :
हे मान्य. चित्र आरशातही पाहा, कललेली बाजू लगेच उघडी पडते.

पंचवटीकर :
काल रात्री फळी तिरकी ठेवून, कोपर ताठ करून, पेन्सिल तांब्याच्या दिशेने डोळ्यांसमोर धरून तिच्यावर अंगठ्याने उंची-रुंदीची मापे घेतली. तांब्याची उंची पोटाच्या रुंदीपेक्षा थोडीच जास्त निघाली. मी ती जवळजवळ दीडपट काढत होतो! आता बूड टेकल्यासारखे दिसते आणि मठाराचे, म्हणजे हातोडीने ठोकून उठवलेल्या खुणांचे, ठोकेही पोटाच्या गोलाईबरोबर वळवता आले. मात्र गळा अजून काठाला चिकटवल्यासारखा वाटतो.

निवृत्त कलाशिक्षक :
गळ्याचे लंबवर्तुळ काठाआड दडते आणि तुम्ही दिसणारा तुकडाच काढता. ते आधी हलक्या हाताने पूर्ण काढा, मगच झाकलेला भाग पुसा. आणि पुढच्या वेळी अभिप्राय मागताना तांब्याचे छायाचित्र, तुमचे चित्र आणि तुम्ही बसता ती जागा, असे तिन्ही एकत्र टाका.