कागदाची भिंगरी हाताजवळ फिरते. टेलिकायनेसिसचा सराव पुढे कसा वाढवावा?

मलप्रभाकाठचा नवखा (खानापूर तालुका)

नमस्कार. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. स्पर्श न करता, केवळ मनाच्या एकाग्रतेने वस्तू हलवण्याची जी विद्या टेलिकायनेसिस या नावाने ओळखली जाते, तिचा सराव मी गेले तीन आठवडे करत आहे. पाच सेंटिमीटर चौरस कागदाला घड्या घालून छत्रीसारखा आकार द्यायचा, खोडरबरात उभ्या टोचलेल्या सुईच्या टोकावर तो तोलून ठेवायचा आणि शेजारी तळहात किंचित वाकवून धरत त्यावर लक्ष केंद्रित करायचे, ही रीत मी व्हिडिओंमध्ये पाहिली. पहिले चार दिवस काहीच घडले नाही. पाचव्या दिवशी पहाटे भिंगरी सावकाश फिरू लागली आणि आता ती जवळजवळ रोज फिरते. एकदा तर मी मनात ‘उलट फीर’ असे म्हटल्यावर ती खरोखर उलट फिरली.

माझ्या शंका अशा आहेत. रोज किती वेळ बसावे? त्राटकाची, म्हणजे एका बिंदूकडे टक लावून पाहण्याची, जोड द्यावी का, आणि दिल्यास डोळ्यांना अपाय होतो का? पहाटे भिंगरी सहज फिरते, पण दुपारी कॉलेजहून आल्यावर फिरत नाही, तेव्हा दिवसभरात शक्ती खर्च होते असे समजावे काय? शिवाय बेळगावातील एका वर्गाने तीन महिन्यांत जड वस्तू हलवायला शिकवण्याचे ११,००० रुपये सांगितले आहेत. घरी अद्याप काही बोललेलो नाही, म्हणून आधी येथे विचारतो.

निवृत्त मास्तर, निपाणी

तुम्ही निरीक्षणे प्रामाणिकपणे मांडली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. पहाटे फिरते आणि दुपारी फिरत नाही, या एका वाक्यातच निम्मे उत्तर दडलेले आहे. तुमच्या मापाच्या वहीच्या कागदाचे वजन जेमतेम ०.२ ग्रॅम भरते आणि सुईच्या टोकावर घर्षण जवळपास नसते. अशा वस्तूला फिरवण्यासाठी लागणारा जोर इतका अल्प असतो की आपल्या कातडीला जाणवणारही नाही अशी हवेची हालचाल त्याला पुरते. थंडीच्या दिवसांत तुमच्याकडे पहाटे खोली चांगलीच गार असते, तळहाताची त्वचा मात्र साधारण तीस अंशांच्या आसपास उबदार राहते. त्या उबेने हाताजवळची हवा हलकी होऊन वर चढते, तिची जागा घ्यायला बाजूची गार हवा सरकते, आणि हा प्रवाह कागदाच्या तिरप्या पाकळ्यांना ढकलतो. दुपारी खोली तापली की हात आणि हवा यांच्यातील फरक घटतो, प्रवाह मंदावतो आणि भिंगरी थांबते. तुमची शक्ती खर्च झालेली नसते. खोली गरम झालेली असते.

हे माझ्या शब्दावर मानू नका. उद्या पहाटे हाताच्या जागी कोमट पाण्याने भरलेला तांब्या ठेवा आणि खोलीबाहेर जाऊन खिडकीच्या बंद काचेतून पाहा. तांब्याला एकाग्रता नसते, तरीही भिंगरी फिरण्याचीच शक्यता जास्त आहे. नंतर बाहेरची हवा अडावी म्हणून काचेची मोठी बरणी भिंगरीवर पालथी घाला आणि पुन्हा प्रयत्न करा. बरणी कोरड्या फडक्याने पुसू नका, कारण घासल्याने काचेवर विद्युतभार साठतो आणि कागद त्याकडे ओढला जातो. ओलसर फडके वापरा आणि काच पूर्ण सुकू द्या. हातही काचेला टेकवू नका, नाहीतर काच तापून आतल्या आत प्रवाह सुरू होईल.

‘उलट फीर’ म्हटल्यावर ती उलट फिरली, याबाबत माझा प्रश्न असा की, तसे म्हणूनही ती उलट फिरली नाही असे किती वेळा झाले? ती मोजणी तुमच्याकडे नसणार, कोणाकडेच नसते, कारण जुळलेले लक्षात राहते आणि न जुळलेले विसरते. म्हणून वीस चिठ्ठ्या करा, दहांवर ‘उजवीकडे’ आणि दहांवर ‘डावीकडे’ लिहा. प्रत्येक प्रयत्नाच्या आधी डोळे मिटून एक चिठ्ठी काढा, नोंद झाली की ती परत मिसळा, आणि ठरावीक दोन मिनिटांत भिंगरी त्या दिशेने फिरली की नाही ते लिहा. न फिरल्यास ते अपयशातच धरा. डावे-उजवे निव्वळ योगायोगाने पडत असले, तर वीसपैकी पंधरा किंवा त्याहून अधिक वेळा जुळण्याची शक्यता शंभरात सुमारे दोन आहे. तेवढे जुळले तर मला अवश्य कळवा, मी स्वतः एसटीने खानापूर गाठीन.

शहापूरचा साधक

मास्तरांचे भौतिकशास्त्र मान्य आहे, परंतु सर्वच गोष्टी तांब्यावर आणि बरणीवर तोलता येत नाहीत. ज्ञानेश्वर माउलींनी चांगदेवांसाठी भिंत चालवली, असे मानणाऱ्या परंपरेत आपण वाढलो. पतंजलींनी योगसूत्रांच्या विभूतिपादात सिद्धींचे सविस्तर वर्णन केले आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातही या विषयावर अनेक वर्षे संशोधन झाले, ते उगाच झाले नसावे.

तथापि नवख्या साधकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच विभूतिपादात सिद्धी या समाधीच्या मार्गातील उपसर्ग, म्हणजे अडथळे आहेत, असेही स्पष्ट सांगितले आहे, आणि म्हणून त्यांच्या मागे लागून साधना करणे मला उचित वाटत नाही. त्राटक अवश्य करावे, मात्र ते हठयोगप्रदीपिकेतील सहा शुद्धिक्रियांपैकी एक आहे, वस्तू हलवण्याची कवायत नव्हे. सूक्ष्म लक्ष्याकडे डोळ्यांत पाणी येईपर्यंत पाहावे, असे तेथे म्हटले आहे. पाणी आले की थांबावे. आरंभी दोन-तीन मिनिटे पुरेत. सूर्याकडे पाहून त्राटक करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये, त्याने दृष्टीला कायमची इजा होते. चष्मा किंवा काचबिंदू असल्यास डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी विचारावे.

निवृत्त मास्तर, निपाणी

साधकांनी प्रिन्स्टनचा उल्लेख केला म्हणून थोडी भर घालतो. ती प्रयोगशाळा रॉबर्ट जान यांनी १९७९ साली सुरू केली आणि ती २००७ साली बंद झाली. तेथे कोणी टेबल हलवत नव्हते. यंत्रातून यादृच्छिक रीतीने पडणाऱ्या आकड्यांवर माणसाच्या इच्छेचा परिणाम होतो का, हे पाहिले जात होते. तेथील लोकांनी जो परिणाम दिसल्याचा दावा केला, तो इतका सूक्ष्म होता की लाखो नोंदींची सरासरी काढल्यावाचून तो दिसतच नसे. पुढे प्रिन्स्टनसह जर्मनीतील दोन प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा अपेक्षित परिणाम मिळाला नाही. भिंतीच्या कथेबद्दल मी काही म्हणत नाही. त्या भिंतीवर बसलेली भावंडे मलाही प्रिय आहेत, आणि माउलींनी त्यासाठी शुल्क घेतल्याचे कोठे वाचलेले नाही.

पत्ते आणि रुमाल (टिळकवाडी)

मी हौशी जादूगार आहे, म्हणून ११,००० रुपयांच्या प्रश्नापुरते बोलते. अमेरिकेत जेम्स हायड्रिक नावाचा एक तरुण टेलिफोन डिरेक्टरीची पाने मनोबळाने उलटवत असे. १९८१ साली दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात जेम्स रँडी या जादूगाराने त्या पुस्तकाभोवती थर्माकोलचे हलके तुकडे पसरून ठेवले. फुंकर मारली तर ते आधी उडणार, हे उघड होते. हायड्रिक बराच वेळ प्रयत्न करत राहिला, पण पान काही हलले नाही. दिव्यांच्या उष्णतेने थर्माकोलवर विद्युतभार आल्याची सबब त्याने पुढे केली. पुढे त्याने फुंकरीची युक्ती कबूलही केली. ओठ न हलवता नेमकी फुंकर मारणे ही खरोखर अवघड कला आहे, मला ती दोन वर्षांत अर्धवट जमली आहे. रँडी यांनी चाचणीत अलौकिक शक्ती सिद्ध करणाऱ्यास दहा लाख डॉलर देऊ केले होते आणि २०१५ साली ती योजना संपेपर्यंत ते कोणालाही मिळाले नाहीत.

तेव्हा, भाऊ, पैसे भरण्याआधी वर्गातील गुरुजींना एकच विनंती करा. तुमची भिंगरी, तुमची बरणी, तुमचे टेबल; त्यांनी तुमच्यासमोर ती एकदा फिरवून दाखवावी. आपली सामग्री, आपले टेबल आणि आपला दिवा असल्यावाचून जो चमत्कार दाखवत नाही, तो माझ्याच व्यवसायातला आहे असे खुशाल समजा.

चिकोडीचा शेतकरी

आमच्याकडे बोअर मारण्यापूर्वी पाणाड्या बोलावण्याची रीत आहे. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ पाण्याच्या जागेवर उभा राहतो, आणि तो माणूस लबाड नसतो, त्याला मनापासून वाटते की नारळ आपोआप उठला. मी स्वतः हातावर नारळ घेऊन पाहिला, तेव्हा तो माझ्याही हातावर उठला, पण पाणाड्याने जागा दाखवल्यानंतरच. डोळे बांधून त्याच शेतात फिरलो, तर तो भलत्याच ठिकाणी उठला. हे कसे घडते ते मास्तरांनी सांगावे.

निवृत्त मास्तर, निपाणी

आपली अपेक्षा स्नायूंना नकळत हलवते. या प्रकाराला विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ साली नाव दिले, आणि पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडे यांनी, भुताटकीने फिरते म्हणून गाजलेले टेबल त्याभोवती बसलेल्यांचे हातच ढकलतात, हे साध्या उपकरणाने दाखवून दिले. ढकलणाऱ्यांना त्याची जाणीव नव्हती. तुमचा नारळही त्याच कुळातला आहे, मात्र भिंगरीला हात लागत नसल्याने तिची गोष्ट वेगळी.

मलप्रभाकाठचा नवखा (खानापूर तालुका)

सर्वांचे आभार. कोमट तांब्याने भिंगरी माझ्या हातापेक्षा वेगाने फिरली, हे पाहून थोडा वेळ वाईट वाटले. बरणीखाली वीस प्रयत्न केले. सतरा वेळा ती जागची हलली नाही, तीन वेळा किंचित थरथरली, त्यापैकी दोन वेळा चिठ्ठीच्या उलट दिशेने. वर्गात जाऊन ताईंनी सुचवल्याप्रमाणे विचारले, तेव्हा संशयी मनाच्या सान्निध्यात ऊर्जा अडते, असे उत्तर मिळाले. पैसे भरलेले नाहीत. बरणीशिवाय, पण नाकातोंडावर रुमाल बांधून आणखी वीस प्रयत्न करायचे आहेत, म्हणजे श्वासाचा वाटा किती ते वेगळे कळेल. ती नोंद रविवारनंतर येथे देईन, कारण लिंबाच्या लोणच्यासाठी बरणी आईने आजच परत नेली आहे आणि ती कशाला घेतली होती, हे मला तिला अजून सांगायचे आहे.