मदत हवी आहे: थंडीत रात्रभर गळ टाकला तर घंटी गप्प, सकाळी गळ रिकामा

आंबीकाठ:
नमस्कार मंडळी. पानशेतच्या बॅकवॉटरला डिसेंबर-जानेवारीत रात्रभर बसायचं आहे. सायप्रिनस (कॉमन कार्प) किंवा मृगळ हवाय, कटला लागला तर दुधात साखर. मांडणी अशी: १० फुटी रॉड, ४००० साइजचं रील, ०.३५ मिमीचा तंगूस, टोकाला ८० ग्रॅमचं शिसं पक्कं बांधलेलं, त्याच्या वर दोन गळ, गळाला कणकेचा मोठा गोळा, रॉडच्या शेंड्याला घंटी. चारा म्हणून खोबऱ्याची पेंड, वरून थोडं खोबरेल. ऑक्टोबरपर्यंत हेच चालतं. थंडी पडली की घंटी वाजत नाही, सकाळी गळ रिकामे, कधी दोर सैल पडलेला. नक्की काय बदलू?

शिसंवाला:
आधी खोबरेल बंद करा. साधारण २४ अंशाखाली ते थिजतं, हे थंडीत प्रत्येकाच्या बाथरूममधली बाटली सांगते. धरणाचं पाणी त्याहून गार असलं की तुमच्या चाऱ्याचा वास पसरतच नाही, तेल गोळ्यातच थिजून बसतं. त्याऐवजी तांदळाचा कोंडा दोन भाग, शेंगदाणा पेंड एक भाग आणि मूठभर भाजून दळलेली मेथी घ्या. मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पाण्यात तळाला गेल्यावर फुटावा, इतकंच पाणी घाला. आणि प्रमाण कमी ठेवा. गार पाण्यात माशाचं पचन मंदावतं, पोट भरलं की तो गळाकडे बघत नाही. अंधार पडायच्या आधी संत्र्याएवढे पाच-सहा गोळे टाका, मग मासा लागेपर्यंत हात आवरा.

हीर_आणि_गळ:
रिकामा गळ म्हणजे मासा खाऊन गेला, असं धरू नका. कच्ची कणीक पाण्यात आपोआप सुटते. घरी बादलीत गळ सोडून तासाभराने बघा, उत्तर मिळेल. चिंबोऱ्या आणि बारीक मासेही तिला कुरतडतात.

मक्यावर या. सुका मका २४ तास भिजवा, मग दाणा नखाने दबेपर्यंत उकळा, साधारण अर्धा-पाऊण तास. कच्चा दाणा चाऱ्यात टाकू नका, माशाच्या पोटात तो फुगतो. दाणा गळात न खुपसता हेअर रिगवर लावा, म्हणजे दाणा गळाबाहेर दोऱ्यावर लोंबतो. २५ सेंमी विणलेला (ब्रेडेड) दोरा घ्या, एका टोकाला बारीक फास करा, सुईने दोन दाणे ओवा आणि फासात खराट्याच्या हिरीचा तुकडा अडकवा. दुसरं टोक ८ नंबरच्या गळाच्या डोळ्यातून मागून पुढे काढा. दाणा गळाच्या वळणाखाली ४-५ मिमी लोंबेल असा धरा, दोऱ्याचे सात वेढे गळाच्या दांडीवर घ्या आणि टोक पुन्हा डोळ्यातून मागूनच काढून ओढा. मासा दाणा तोंडात घेऊन थुंकायला जातो तेव्हा गळ मोकळा असतो, म्हणून ओठात बसतो. एका दोराला एकच गळ. दुसरा गळ जाळीत किंवा बोटात घुसतो, बाकी काही नाही.

शिसंवाला:
मक्याला अनुमोदन. शिसं मात्र सरकतं ठेवा, ४० ग्रॅम पुरे. थंडीत ओढ हलकी असते.

हीर_आणि_गळ:
इथे पटत नाही. हेअर रिगला वजनच लागतं. ८० ग्रॅमचा झटका बसला की मासा बिचकून पळतो आणि स्वतःच अडकतो. फक्त तंगूस तुटला तर शिसं सुटून पडलं पाहिजे, नाहीतर मासा ते ओढत फिरत मरतो. आत्ताची पक्की गाठ त्यासाठी वाईट.

दव_पडलं:
वजन कितीही ठेवा, घंटी अर्धीच गोष्ट सांगते. मासा काठाकडे आला तर दोर सैल पडतो आणि शेंडा हलतच नाही. तुमचा सैल दोर तोच असावा. रील आणि रॉडच्या पहिल्या कडीच्या मध्ये दोरावर बाटलीचं बूच अडकवून वीतभर खाली लोंबू द्या. वर चढलं तर मासा लांब जातोय, खाली पडलं तर जवळ येतोय. दोन्हीला रॉड उचला, पण आधी सैल दोर गुंडाळा. ड्रॅग (रीलचा ब्रेक) ढिला ठेवा, नाहीतर रॉड पाण्यात जाईल.

जागाही बदला. उथळ काठ रात्री लवकर गार होतो, दुपारी तिथे बसा, रात्री १०-१५ फूट पाण्यात टाका. पानशेतचं पाणी खडकवासल्यात आणि तिथून कालव्याला जातं. आवर्तन (कालव्याला पाणी सोडणं) सुरू असेल तर पातळी उतरते. संध्याकाळी काठावर काटकी रोवा. पाणी मागे सरकलं तर गळही खोलात न्या.

काठावरची:
मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असतो, परवानगी आधी विचारा. धरणाच्या भिंतीजवळ बसू नका. तंबूत शेगडी अजिबात नको, कोळशाच्या विषारी वायूने झोपेत जीव जातो. घोणस थंडीतही फिरते, टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. महाशीर लागला तर हात ओले करून गळ काढा आणि सोडून द्या.

आंबीकाठ:
आभारी आहे सगळ्यांचा. याच मांडणीवर कटला लागेल का?

हीर_आणि_गळ:
कठीण. त्याचं तोंड वर वळलेलं, तो मधल्या-वरच्या पाण्यात बारीक जीव गाळून खातो, तळाचा मका त्याच्या वाटेतच नाही. दुसरा रॉड असेल तर तरंगत्या बोयाखाली ४-५ फुटांवर कोंडा-पेंडीचा भुसभुशीत गोळा लावा आणि तो दर २० मिनिटांनी बदला.