मदत हवी आहे: खोडवा मोडल्यावर पुन्हा ऊस की मका? इथेनॉलच्या भरवशावर किती जायचं?

नमस्कार मंडळी,

मोहोळ तालुक्यात आमची पाच एकर जमीन आहे. पाणी उजनीच्या कालव्याचं, पण आम्ही टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, त्यामुळं उन्हाळ्यातलं शेवटचं आवर्तन आमच्यापर्यंत पोचेल याची खात्री नसते. तीन एकर खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांवर पुन्हा फुटलेला ऊस, उभा आहे, जानेवारीत तुटेल. त्या रानात पुढं काय, यावरून घरात महिनाभर वाद चाललाय. आप्पा म्हणतात सुरू ऊस, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत नव्यानं लावायचा. दाजी म्हणतात उन्हाळी मका, कारण "आता मक्याचं पेट्रोल व्हायलंय, सरकारनंच दर बांधून दिलाय, ऊस कोण करतंय आता?"

ऊस सोडावा असं वाटण्याचं पहिलं कारण म्हणजे गेल्या हंगामाचं बिल. सव्वाशे टन ऊस घातला, कारखान्याचं नाव लिहीत नाही, निम्मे पैसे अजून यायचेत. कायद्यानं १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. व्याजाचं कुणी नावच काढत नाही, मुद्दलासाठी आप्पांनी सात खेपा घातल्या. जिल्ह्यात तीसच्या वर कारखाने असून ही गत.

दाजींचा मका मी यंदा खरिपात एक एकर करून बघितलाय. लष्करी अळीसाठी तीन फवारण्या झाल्या, पोंग्यात औषध नीट गेलं तेव्हाच ती आटोक्यात आली. बावीस क्विंटल निघाला. अंगणात ताडपत्रीवर वाळत घातला, तर परतीचा पाऊस. रात्री ढग गडगडले की आई आधी उठायची, मी मागून, आणि दोघं मिळून ताडपत्रीची टोकं ओढून मका झाकायचो. व्यापारी आला, मूठभर दाणे घेतले, एक दाताखाली फोडला आणि म्हणाला, "ओल हाय की ओ." मग मीटर काढलं, १९ आकडा आला. १४ पाहिजे म्हणाला. आठ दिवस आणखी वाळवला आणि क्विंटलला १,७५० नं दिला. २०२५-२६ चा हमीभाव २,४०० होता.

म्हणून माझा प्रश्न असा. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला २०२५-२६ चा सरकारी दर बघा: मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये, उसाच्या रसाच्या इथेनॉलला ६५.६१, बी हेवी मळीच्या, म्हणजे थोडी साखर शिल्लक ठेवलेल्या मळीच्या इथेनॉलला ६०.७३. सगळ्यात जास्त दर मक्याला. मग तो बांधापर्यंत का येत नाही? आणि उद्या धोरण फिरलं तर? ७ डिसेंबर २०२३ ला ऐन गाळपात आदेश निघाला आणि उसाच्या रसाचं इथेनॉल एका रात्रीत थांबलं. आठवड्यानं थोडी ढील दिली, पूर्ण बंदी उठली ती ऑगस्ट २०२४ च्या शेवटी. तसं मक्याचं झालं तर आम्ही कुणाकडं बघायचं? अमेरिकेत मक्याच्या इथेनॉलवर वर्षानुवर्षं वाद आहे असं वाचलंय, तिकडचं माहीत असणाऱ्यांनीही लिहावं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निर्णय घ्यायचाय.

भट्टीवाला:

मी धान्यावर चालणाऱ्या डिस्टिलरीत नोकरी केली आहे, हिशोब सांगतो. एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं, म्हणजे क्विंटलला ३८ लिटर. ७१.८६ नं गुणलं की झाले २,७३० रुपये. उरलेला चोथा, म्हणजे डीडीजीएस, पशुखाद्यात जातो, त्याचे थोडे वर. यातून वाफ, वीज, एन्झाइम, पगार, बँकेचा हप्ता सगळं भागवायचं. मका २,४०० नं घेतला तर हातात फार राहत नाही, म्हणून खरेदीवाला माणूस दिवसभर स्वस्त माल शोधत असतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. २०२५ मध्ये सरकारनं डिस्टिलऱ्यांना अन्न महामंडळाचा तांदूळ क्विंटलला २,२५० नं दिला. तो परवडला की मक्याची मागणी तिथंच बसते. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०५० कोटी लिटर इथेनॉल मागवलं, डिस्टिलऱ्यांनी १,७७६ कोटी लिटर देऊ केलं. वाटपात जवळपास ४६ टक्के मक्याला मिळाले हे खरं. पण कारखाने जास्त आणि खरेदी कमी झाली की दाबला जातो तो कच्चा माल देणारा.

७१.८६ हा डिस्टिलरी आणि तेल कंपनी यांच्यातला दर आहे, त्यात तुम्ही कुठंच नाही. उसाला निदान एफआरपी, म्हणजे कायद्यानं बांधलेला किमान दर आहे, २०२५-२६ च्या हंगामाला टनाला ३,५५०. आपल्याकडच्या उताऱ्यात (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्यात) आणि तोडणी-वाहतूक वजा जाता हातात कमी येतो, पण बिल अडकलं तर साखर आयुक्तांकडं दाद मागता येते. मक्याचा हमीभाव हा कायद्यानं बांधलेला दर नाही. व्यापाऱ्यानं १,७५० दिला तर गुन्हा होत नाही.

सातरस्ता_ते_आयोवा:

मी मूळची सोलापूरची, सध्या आयोवात. इथं गाडी चालवताना दोन्ही बाजूंना तास-तासभर मकाच दिसतो. अमेरिकेतल्या मक्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त इथेनॉलला जातो.

इथलं अनुदान बरेच दिवस शेतकऱ्याला नव्हतंच, ते पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणाऱ्या कंपनीला करसवलत म्हणून मिळायचं, शेवटी गॅलनला ४५ सेंट. ३१ डिसेंबर २०११ ला ते बंद झालं. लोकांना वाटलं आता मका पडणार. तसं झालं नाही, कारण २००५ आणि २००७ च्या कायद्यांनी तेल कंपन्यांवर मिश्रणाची सक्ती केली होती. मक्याच्या इथेनॉलसाठी ती वर्षाला १५ अब्ज गॅलनपर्यंत पोचली. पैसे थांबले तरी गिऱ्हाईक कायद्यानं बांधलेलं राहिलं. टीका करणारे नेमकं याच सक्तीवर बोट ठेवतात. खाण्याचं धान्य टाकीत घालता, नायट्रोजन खतं नद्यांत वाहून जातात, आणि लिटरमागं इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी, असं त्यांचं म्हणणं. मला यातलं खतांचं म्हणणं जास्त पटतं. इथल्या शहरांना नदीचं पाणी पिण्याआधी त्यातलं नायट्रेट काढावं लागतं.

पण तुमच्यासाठी खरा फरक वेगळा आहे. इथला मका बहुतेक पावसावर येतो, देशाची एकरी सरासरी आपल्या मापात ४५ क्विंटलच्या आसपास, आणि पीकविम्याचा निम्म्याहून जास्त हप्ता सरकार भरतं. दर पडला तर उत्पन्नाचा विमा हात देतो. तुमच्याकडं दर पडला तर तुमची आई आणि ताडपत्री. तिकडची यशोगाथा ऐकून कुणी मका कर म्हणत असेल तर हा फरक आधी विचारा.

भीमाकाठ:

दादा, दर बाजूला ठेवा, पाण्याचं बोला. सुरू ऊस बारा महिने रानात, पुढचा अख्खा उन्हाळा त्याला पाणी लागणार. मका चार महिन्यांत मोकळा. टेलला राहून ऊस म्हणजे मे महिन्यात बोअरकडं बघत बसणं. मी ऊसवालाच आहे, तरी सांगतो. ठिबक असंल तर एक वेळ करा, नसंल तर नको.

गोठा_सांगोला:

दाण्यासाठी मका करूच नका, मुरघासाला द्या, म्हणजे हिरवा कापून, कुट्टी करून हवाबंद मुरवलेल्या चाऱ्याला. आमच्या बाजूला दुधाची जनावरं आहेत, उन्हाळ्यात हिरवा चारा कुठंय? गेल्या वर्षी उभा मका टनाला १,८०० नं घेतला मी, एकरी सतरा टन भरला. कापणी, कुट्टी माझी. वाळवणं नाही, मीटर नाही, पंच्याऐंशी दिवसांत रान रिकामं. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा. त्याच्या पुढं गेलात तर तुरा येताना ऊन चाळीसच्या वर जातं, पराग वाळतो आणि कणसं बोडखी राहतात.

माळावरची_ज्वारी:

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. सोलापूर ज्वारीचा जिल्हा. मंगळवेढ्याची मालदांडी एका-दोन पावसांच्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर येते, कडबा वर. ऊस असो की मका, दोन्हींसाठी युरियाची पिशवी २६६ रुपयांना मिळते, बाकीचा भार सरकार उचलतं. ज्वारीला युरिया लागतोच किती? म्हणजे मदतसुद्धा पाणी आणि खत जास्त खाणाऱ्या पिकामागंच जाते. आमची बाजरी-ज्वारीची रानं त्यामुळंच गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. खरं तर पुढच्या रब्बीत एक एकर ज्वारी धरा, घरच्या भाकरीपुरती तरी.

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. ३८ गुणिले ७१.८६ हा हिशोब मी कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून आप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "ह्यात आपलं नाव कुठं हाय?" भट्टीवाल्यांनी लिहिलं होतं तेच. दाजींनाही फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग मुरघास बघू."

सध्या असं ठरतंय: दोन एकर मका, फक्त मुरघासासाठी. एक एकर सुरू ऊस, आप्पांसाठी आणि आधीच्या बिलासाठी कारखान्याशी संबंध तुटू नये म्हणून, पण ठिबकवरच. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज उद्या भरतोय. अडकलेल्या बिलाचा तक्रार अर्जही व्याजाच्या मागणीसह लिहिला आहे, आप्पांची सही झाली.

गोठा_सांगोला, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. एक शंका इथंच विचारतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कणीस मोडून बघितलं की दाण्यावर पिवळा आणि पांढरा भाग वेगळा करणारी दुधाची रेघ दिसते. ती अर्ध्यावर आली की कापायचं असं ऐकलंय. तुम्ही तेव्हाच कापता की थोडं आधी? आणि तुमचं कुट्टी मशिन मोहोळपर्यंत येईल का, की भाड्याचं बघून ठेवू?