पाढे तोंडपाठ, पण गुणाकार कळत नाही. दुसरीतल्या मुलासाठी काय करू?

भांडुपची आई
नमस्कार. मुलगा दुसरीत आहे, मराठी माध्यम. रोज संध्याकाळी आजीबरोबर परवचा म्हणतो, त्यामुळे दहापर्यंतचे पाढे तोंडपाठ आहेत. पण काल मी विचारलं, "पाच डब्यांत प्रत्येकी चार लाडू, तर एकूण लाडू किती?" पटकन म्हणाला, नऊ! पाढा म्हणायला सांगितला की मात्र कुठे अडखळत नाही. घर लहान आहे, महागडं साहित्य घ्यायचं नाहीये. ऑफिसमधून घरी पोचायला साडेसात होतात, त्यामुळे अर्ध्या तासात करता येईल असं काही सांगा. सासूबाईंचं म्हणणं, पाढे पक्के झाले की अर्थ आपोआप कळतो. खरंच तसं असतं का?

चेंबूरचा बाबा
आम्ही मुलीला रस्त्यावर शिकवलं. सिग्नलला रिक्षा थांबल्या की चाकं किती? तीन रिक्षा, नऊ चाकं. टॅक्सी दिसल्या की चाराच्या उड्या. सहाचा पाढा क्रिकेटच्या ओव्हरवरून: चार ओव्हर झाल्या, बॉल किती पडले? फक्त वाईड आणि नो बॉल धरायचे नाहीत हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर भांडण होतं.

लालबागच्या बाई
ताई, मी पालिकेच्या मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवायचे. निवृत्त झाले तरी चाळीतली मुलं अजून घरी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्याने नऊ सांगितलं, कारण पाच आणि चार हे दोन्ही आकडे त्याला वस्तूंचेच वाटले. दोन आकडे दिसले, केली बेरीज. गुणाकारात एक आकडा गटांचा असतो आणि दुसरा एका गटातल्या वस्तूंचा. हे हाताने मांडल्याशिवाय मुलांना उमगत नाही, नुसत्या पाठांतराने तर नाहीच. तरी परवचा बंद करू नका. तो कसा उपयोगी पडतो ते पुढे सांगते.

चिंचोके किंवा राजमा घ्या आणि पाच वाट्या मांडा. प्रत्येक वाटीत चार-चार दाणे त्यालाच टाकू द्या. मग दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. वाट्या किती? एका वाटीत दाणे किती? एकूण किती, हे इतक्यात विचारायचंच नाही. "चार-चारचे पाच गट" असं त्याच्या तोंडून येऊ द्या. आता एका वाटीतले दोन दाणे उचलून शेजारच्या वाटीत टाका आणि विचारा, अजूनही चार-चारचे पाच गट आहेत का? दाणे तेवढेच आहेत, पण गट सारखे राहिले नाहीत. हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच.

एकूण विचारलं की मूल एकेक दाणा मोजायला लागतं. उत्तर बरोबर येतं, पण ती नुसती मोजणी झाली. तेव्हा प्रत्येक वाटीवर बशी झाकून टाका. आतलं दिसत नाही, म्हणून मूल बशीवर बोट ठेवून म्हणायला लागतं: चार, आठ, बारा, सोळा, वीस. मग तुम्ही हळूच म्हणा, "चार पंचे?" आजींनी पाठ करून घेतलेला पाढा इथे कामाला येतो. हातातल्या दाण्यांशी त्याची गाठ पडली की तो मुलाचा स्वतःचा होतो.

पुढची पायरी ओळींची. अंडीवाल्याकडून तीस अंड्यांचा रिकामा पुठ्ठ्याचा ट्रे मागून आणा. घरात अंडं चालत नसेल तर रांगोळीचे ठिपके काढा. पाच ओळी, प्रत्येकीत सहा खळगे. ट्रे काटकोनात फिरवा: सहा ओळी, प्रत्येकीत पाच. एकही खळगा वाढला नाही की कमी झाला नाही. सहा पंचे आणि पाच सख दोन्ही तीसच का, हे त्याला ट्रे फिरवतानाच दिसतं.

मोठ्या पाढ्यांसाठी सहा-सहा ठिपक्यांच्या सात ओळी काढा आणि पाचव्या ओळीखाली पेन्सिल आडवी ठेवा. वर तीस, खाली बारा, मिळून बेचाळीस. आजींना हे नवं फॅड वाटलं तर सांगा, भास्कराचार्यांनी 1150 मध्ये 'लीलावती'त 135 गुणिले 12 करताना 12 चे 8 आणि 4 असे भाग करूनही दाखवलं आहे. 1080 आणि 540, मिळून 1620.

भांडुपची आई
बाई, मनापासून आभार. बशीची युक्ती आजच केली. तिसऱ्या बशीपर्यंत पुटपुटत होता, चौथीला थांबला आणि ओरडला, "अगं, हा तर चाराचा पाढा!" सासूबाईही येऊन बसल्या. आता गुणिलेचं चिन्ह कधी दाखवू? आणि शून्याचं काय?

लालबागच्या बाई
छान! चिन्हाची घाई नको. "चार-चारचे पाच गट" हे तो न अडखळता बोलायला आणि मांडायला लागला की त्याच मांडणीशेजारी पाटीवर लिहा. शून्यासाठी तीन रिकाम्या वाट्या ठेवा. वाट्या किती? तीन. एकीत किती? काहीच नाही. तीनही वाट्या त्याला उपड्या करून बघू द्या.

मग एक दिवस त्याला बारा चिंचोके द्या आणि सारख्या ओळी जितक्या प्रकारे करता येतील तितक्या करायला सांगा. दोनाच्या सहा, तिनाच्या चार, सगळं त्यालाच सापडू दे. ते जमलं की तेरा द्या. एका लांबलचक ओळीशिवाय काही जुळत नाही म्हणून कुरकुर करेल, तरी उत्तर सांगू नका.