शब्दचर्चा : हवालदाराला 'दादा' का म्हणायचं नाही? (साब, साहेब, सर, उस्ताद)

प्रश्न, खानापूर तालुक्यातून :

माझा भाचा सध्या फौजेत रंगरूट आहे. कुठल्या केंद्रात ते राहू दे. रविवारी फोन हातात मिळतो तेव्हा बोलणं होतं. गेल्या रविवारी म्हणाला, "मामा, दादा म्हटलं म्हणून रगडा मिळाला."

झालं असं, की त्याला ड्रिल शिकवणारा हवालदार निघाला आमच्याच पंचक्रोशीतला, दोन गावं सोडून. हा पोरगा हरखून गेला. दुसऱ्या दिवशी मैदानावर सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, ह्यो पट्टा बसंना झालाय." हवालदारानं सगळं स्क्वाड थांबवलं आणि हिंदीत विचारलं, "दादा कौन है यहाँ?" मग रायफल डोक्यावर धरून मैदानाच्या दोन फेऱ्या.

शिक्षेबद्दल माझी तक्रार नाही, दोन फेऱ्यांनी कोण मरत नाही. मला कोडं पडलंय ते शब्दाचं. आमच्याकडं दादा, अण्णा, आप्पा म्हणणं हीच अदब. वडीलधाऱ्याला नुसत्या नावानं हाक मारली तर आई पाठीत धपाटा घालते. मग तोच शब्द तिथं बेअदबी कसा ठरतो? आणि साब, साहेब, सर, उस्ताद यांतलं कुणी कुणाला काय म्हणायचं?

निपाणी :

सरळ 'सर' म्हणावं. सगळीकडं चालतं.

माजी हवालदार, उचगाव :

'सगळीकडं चालतं' असं त्या पोराला सांगू नका हो, आणखी दोन फेऱ्या पडतील.

मामा, तुम्ही विचारलंय ते बरोबर विचारलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रशिक्षणात शिकवणारा मग तो नाईक असो नाहीतर हवालदार, रंगरुटासाठी 'उस्ताद'. हा शब्द आपल्याला परका वाटायचं कारण नाही. तालमीत आपण ज्याला 'वस्ताद' म्हणतो तोच हा, फारसीतला. गावच्या वस्तादाला तुमचा भाचा आखाड्यात 'काका' म्हणत असेल काय? सख्खा काका असला तरी लाल मातीत उतरल्यावर वस्तादच. एवढं त्याला सांगा, लगेच समजेल.

पलटणीत गेल्यावर 'साब' सुरू होतो तो नायब सुभेदारापासून. नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर हे तिघे जेसीओ, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, हवालदाराच्या वरचे आणि अफसरांच्या खालचे. जवान त्यांना साब म्हणतो, सॅल्यूट करतो. हवालदार, नाईक, लान्स नाईक यांना सॅल्यूट नसतो, त्यांच्यासमोर सावधान उभं राहायचं. आमच्या पलटणीत त्यांना हुद्द्यानं हाक असायची. 'सर' हे अफसरांसाठी. खरं त्यातली गंमत पुढं आहे. बावीस वर्षांचा लेफ्टनंट नवा येतो, तो पन्नाशीला टेकलेल्या सुभेदार मेजरला काय म्हणतो? "साब." आणि सुभेदार मेजर त्याला सॅल्यूट ठोकून "सर" म्हणतो. म्हणजे हुद्द्यानं धाकट्यालाही मान द्यायचा शब्द फौजेत आहे, आणि त्या एका शब्दात सुभेदाराची पंचवीस-तीस वर्षांची नोकरी मोजलेली असते. आमच्या सुभेदार साबांना एकदा नव्या अफसरानं घाईत नुसतं "सुभेदार, इधर आना" म्हटलं होतं. साब गेले, काम केलं, काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्या अफसराला त्याच्या वरच्यानं बाजूला घेतलं. काय बोलले ते आम्हाला कळलं नाही, खरं दुसऱ्या दिवसापासून "साब" आलं.

चूक सुधारायची रीत पण यात दिसते बघा. धाकट्याची चूक मैदानावर, सगळ्यांदेखत. वरच्याची चूक दाराआड. बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा, रीत अशी आहे.

आता 'दादा'बद्दल. माझा सख्खा चुलता माझ्याच पलटणीत हवालदार होता. पहिल्या आठवड्यात लंगरच्या रांगेत थाळी घेऊन उभा होतो, आप्पा समोरून आला. माझ्या तोंडातून "आप्पा" निघणारच होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "जवान, टोपी सीधी करो." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रात्री रोल कॉल झाल्यावर तोच आप्पा बॅरकीत आला, खिशातनं कागदात बांधलेली दोन कडबोळी काढून दिली आणि म्हणाला, "आईनं दिल्यात. तिथं मला आप्पा म्हणालास तर उरलेल्या चाळीस जणांचा मी कोण?"

मला तेवढं उत्तर पुरलं.

बेळगाव, शहापूर :

शब्दांच्या मुळाबद्दल थोडं लिहितो.

'साहेब' अरबी. मूळ अर्थ मालक नव्हे, सोबती. अरबीतल्या ज्या धातूपासून साहेब झाला, त्याच धातूपासून 'सोहबत', आणि तिच्यावरून आपली मराठी 'सोबत'. साहेब आणि सोबत एका घरातले. पुढं एक हुकूम सोडायला लागला, दुसरी बाजाराला जाताना लागते, एवढाच फरक.

हुद्द्यांचे शब्दही असेच घसरत किंवा चढत आलेत. शिवकाळात गडाचा हवालदार म्हणजे गडाचा मुख्य अंमलदार, सबनीस आणि कारखानीस त्याच्या बरोबरीनं काम बघायचे. पायदळात नाईक, त्याच्यावर हवालदार, मग जुमलेदार, हजारी अशी चढण होती. सुभेदार हा सुभ्याचा धनी. इंदूरच्या मल्हारराव होळकरांना लोक सुभेदारच म्हणत. आज हवालदाराच्या दंडावर तीन फिती आणि सुभेदाराच्या खांद्यावर दोन तारे. लेफ्टनंटलाही दोनच तारे असतात, पण सुभेदाराच्या ताऱ्यांबरोबर रंगीत फीत असते. लांबून फीत दिसत नाही, आणि मग "सर" म्हणावं की "साब" यात नवखी पोरं गडबडतात.

'जमादार'चं नशीब सगळ्यांत वाईट. 1965 पर्यंत नायब सुभेदारालाच फौजेत जमादार म्हणत. बाहेर मात्र तो शब्द झाडूवाल्यांच्या मुकादमापर्यंत जाऊन पोचला होता. फौजेनं शब्द बदलला. आपल्या भागात आडनाव म्हणून तो अजून टिकून आहे. आडनावांचीही भानगड आहेच : सिपाही सुभेदार, नाईक हवालदार, आणि नाईक आडनावाच्या पोराला दोन फिती लागल्या की नाईक नाईक.

एक व्याकरणाचा मुद्दा. मराठीत संबोधन विभक्ती एकवचनात लावली की माणूस आपोआप एकेरीवर येतो. "हवालदारा", "नाइका", "शिपाया" यांत 'अरे' दडलेलाच आहे. नुसतं "हवालदार" म्हटलं तर निदान तेवढं टळतं. मान द्यायचा तर मराठी नावाला शेपूट जोडते : राव, पंत, साहेब, बाई. गंमत म्हणजे नात्यालाही जोडते. आबासाहेब, आऊसाहेब, दादासाहेब. तेव्हा भाच्याला तडजोड सुचवता येईल, 'दादासाहेब'.

माजी हवालदार, उचगाव :

तसलं काही सुचवू नका. आधीच्या दोन फेऱ्या त्यानं चुकून घेतल्या, या हौसेनं घ्यायला लागतील.

निपाणी :

पण मग रस्त्यावरच्या पोलिसाला आपण 'हवालदार' म्हणतो तेव्हा तो खूश होतो. शिपाई असला तरी.

माजी हवालदार, उचगाव :

होतो की. बाजारात फुकट बढती द्यायला कुणाचं काय जातं? फौजेत एक फीत जास्त सांगितली तर ती खुशामत धरतात आणि एक कमी सांगितली तर अपमान. एकच सवलत आहे, लेफ्टनंट कर्नलला तोंडी 'कर्नल साब' म्हणतात.

सांबऱ्याजवळचे एक :

विषय हाकेचा आहे, तरी हाताचंही सांगतो. आमच्या भागात दोन सॅल्यूट दिसतात. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, तिथला सॅल्यूट उघड्या पंजाचा, तळवा समोर. सांबऱ्याला हवाई दलाची पोरं शिकतात, त्यांचा तळवा तिरका. हवाई दलानं तो 2006 मध्ये बदलला, त्याआधी तेही फौजेसारखाच ठोकत. नौदलाचा आणखी वेगळा, तळवा खाली. मिलिटरी महादेवाच्या देवळात सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत आलेली पोरं कुणी वरिष्ठ दिसला की हात न उचलता नुसती ताठ होतात. डोक्यावर टोपी नसली की सॅल्यूट नाही. बघणाऱ्याला वाटतं, पोरगं घाबरलं.

प्रश्नकर्ता, खानापूर :

सगळ्यांचे आभार. पण उचगावच्या काकांना (काका चालेल ना?) एक विचारतो. वरच्यानं खालच्याला अरे-तुरे केलं, आईवरून शिवी दिली, तर? तिथं कुणी फेऱ्या घालतं काय?

माजी हवालदार, उचगाव :

काकाच म्हणा, मी आता लुंगीवर आहे.

1950 च्या आर्मी ॲक्टमध्ये दोन कलमं शेजारपाजारीच आहेत. 40 वं कलम वरिष्ठावर हात उगारणाऱ्याचं, त्याच्याशी उद्धट भाषा करणाऱ्याचं. 47 वं हाताखालच्या माणसाला मारणाऱ्या, छळणाऱ्या वरिष्ठाचं, मग तो अफसर असो, जेसीओ असो की फितीवाला. 'दादा' म्हणणं यातल्या कशातच बसत नाही. त्या फेऱ्या म्हणजे बोलण्याला शिस्त लावण्याचा भाग झाला, गुन्ह्याची शिक्षा नव्हे. उलट शिवी मात्र हलकी समजू नये. आमच्या वेळी शिव्या होत्या, नव्हत्या असं सांगितलं तर खोटं होईल. ज्यानं कधी दिली नाही त्याचं नाव आजही निघतं, त्यावरून काय ते समजा.

निवृत्त शिक्षिका, बेळगाव :

मी कानडी आणि मराठी दोन्ही शाळांतून शिकवलं, म्हणून एक बाजू मांडते. कानडीत, आमच्या उत्तर भागात, शब्दाच्या शेवटी 'री' लागली की मान आला. 'एन्री' (काय हो), 'बर्री' (या हो), 'हौद्री' (होय हो). 'एन्ले' (काय रे) म्हटलं की एकेरी, भांडण तरी किंवा दोस्ती तरी. या 'री'ला वय नाही, नातं नाही, हुद्दा नाही. भाजीवालीला लागते, तहसीलदारालाही लागते. आपल्या सीमाभागातल्या मराठीत हेच काम 'वो' करतो. 'काय वो', 'या की वो'. पुण्याकडच्या 'अहो'पेक्षा हा मला नेमका वाटतो, कारण 'अहो' सुरुवातीलाच दारावर टकटक करतं, आणि 'वो' वाक्य झाल्यावर हळूच मान तुकवून जातं.

म्हणून माझं मत असं, की मुलाची चूक मान न देण्याची नव्हती. त्यानं मान दिला, सोबत नातंही दिलं. हवालदाराला मान हवा होता, नातं तिथं घ्यायचं नव्हतं. मराठी मुलांना हे अवघड जातं, कारण आपल्याकडं मानाचे बहुतेक शब्द नात्याच्याच पोटातून आलेत. कंडक्टर मामा, दुकानदार काका. शाळेत तेवढे 'सर', आणि निपाणीच्यांनी पहिल्याच उत्तरात तोच शब्द का सुचवला तेही यातून कळतं.

निपाणी :

पकडलं मला बाईंनी.

प्रश्नकर्ता, खानापूर :

या रविवारी भाच्याशी बोललो. तालमीचा वस्ताद सांगितला, तो लगेच उमजला. 'आऽ, असं होय' म्हणाला. आता उस्ताद म्हणतोय, पट्टाही बसतोय.

त्यानंच एक गोष्ट सांगितली. दुपारी धोबीघाटावर कपडे वाळत घालत होता. हवालदार तिकडून बादली घेऊन आला, साध्या बनियनवर. कुणी नव्हतं आसपास. बादली ठेवत मराठीत म्हणाला, "काय रे, पाऊस झाला काय तुमच्याकडं? रोपं लागली?"

भाचा म्हणतो, मामा, माझी पंचाईत झाली. 'झाला दादा' म्हणावं तर पाय अजून दुखतात, 'झाला उस्ताद' म्हणावं तर माणूस गावचं विचारतोय. मग?

म्हणाला, "झाला की वो."

हवालदार हसला आणि दोरीवर त्याच्याच शेजारी आपला टॉवेल टाकला.