मराठी घडाघडा वाचते, इंग्रजी मात्र पाठ म्हणून दाखवते

कोथरूडकर: मुलगी दुसरीत, मराठी माध्यम. जोडाक्षरांसकट मराठी वाचते. इंग्रजीचा धडा मात्र तोंडपाठ. म्हणताना बोट भलत्याच शब्दावर असतं. 'सी ए टी कॅट' येतं, पण त्याच अक्षरांचा 'ॲक्ट' दिला की गाडी अडते. घरी इंग्रजी कोणी बोलत नाही. रोज अर्धा तास देऊ शकतो. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून काय आणावं?

खडूफळा: सी, ए, टी ही अक्षरांची नावं झाली. ती जोडली तर 'सीएटी' होणार, कॅट कुठून येणार? मराठीत 'क'चं नावही क आणि उच्चारही क, त्यामुळे मुलांना यातली मेख कळत नाही. सध्या नावं बाजूला ठेवा.

आधी सहाच अक्षरं घ्या: एस, ए, टी, पी, आय, एन. आवाज स्, ॲ, ट्, प्, इ, न्. एवढ्यात सॅट, पिन, टिन, टॅप, नॅप, पॅन असे बरेच शब्द होतात. पुठ्ठ्याचे तुकडे करून एकेका तुकड्यावर एक अक्षर लिहा. तुकडे लांब ठेवून आवाज काढायचे, मग जवळ सरकवत जोडायचे. सुरुवात स् किंवा न् च्या शब्दांनी करा, कारण ते लांबवता येतात: 'स्स्सॅट'. ट्, प् लांबवता येत नाहीत. ते लगेच पुढच्या स्वराला टेकवायचे.

सगळ्यात जास्त गोची होते ती 'अ'मुळे. मूल 'ट-ॲ-प' म्हणतं आणि ऐकू येतं 'टअॲपअ'. त्यातून टॅप सापडत नाही. तुमच्या मुलीला जोडाक्षरं येतात, म्हणजे पाय मोडलेला ट् माहीत आहे. तोच म्हणायचा, एवढं सांगितलं की पुरे.

सदाशिवपेठी: अर्धा तास सलग नको. दहा-दहा मिनिटं, दोनदा.

आणि इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहून देऊ नका. पालक हमखास लिहितात, आणि मूल सोपं तेच वाचतं. खालच्या अक्षरांकडे नजरही जात नाही.

स्मॉल बी आणि स्मॉल डी एकाच आठवड्यात शिकवू नका. देवनागरीत अशी आरशातली जोडी सहसा भेटत नाही, म्हणून गोंधळ होतोच. बीची दांडी आधी, पोट नंतर. डीचं पोट आधी. बी पक्का झाल्यावरच डी.

तक्ता घेताना 'आय फॉर आइस्क्रीम' असेल तर दुकानातच ठेवून या. तिथे आवाज 'आय' येतो, आपल्याला 'इ' हवा, इंक चालेल. 'एक्स फॉर झायलोफोन'ही तसंच, 'बॉक्स'च्या शेवटचा क्स् जास्त कामाचा.

वाचनकट्टा: उच्चार जमला म्हणजे वाचता आलं असं नाही. वाचनाचे अभ्यासक गफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये मांडलेलं सूत्र आहे: वाचून समजणं = अक्षरं उलगडणं × भाषा समजणं. गुणाकार आहे, एक बाजू शून्य तर सगळंच शून्य. 'नॅप' अचूक वाचला पण डुलकी माहीत नसेल तर उपयोग काय? शब्द आधी तोंडी, वस्तू दाखवून किंवा कृती करून, अर्थ बिनधास्त मराठीत सांगून, मग कागदावर. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर फुकट गोष्टी आहेत, पातळी 1 पासून. एकच गोष्ट आधी मराठीत, मग इंग्रजीत वाचा. पानावर पाच शब्द अडले तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं.

कोथरूडकर: 'सेड', 'वॉज' यांचं काय? ते तर पाठच करावे लागणार ना?

खडूफळा: अख्खे नाही. 'सेड'मधले एस आणि डी सरळच वागतात, मधल्या ए-आयखाली तेवढी लाल रेघ मारा. 'वॉज'मध्ये ए आणि एसखाली. आठवड्याला असे दोन-तीनच शब्द.