नकाशा छापायला जेपेग मागणं आता बंद करा

माहीमचा_नकाशेवाला
पावसाळ्याआधी रहिवासी संघासाठी पाणी तुंबणाऱ्या जागांचा नकाशा केला. हिंदमाता, परळ, दादर टीटी, किंग्ज सर्कल हा पट्टा, आकार ए-झीरो. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ काढून दिली, तर छपाईवाल्याने परस्पर तिची जेपेग करून छापली. आता गल्ल्यांच्या नावांभोवती करडी भुरी दिसते आणि निळ्या पाण्यावरची रेल्वेची बारीक लाल रेघ विटकरी होऊन पसरली आहे.
यात नवल काहीच नाही. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि त्यातला बारीक फरक गाळून फाइल लहान करतं. रंगाची माहिती तर बऱ्याचदा उजेडापेक्षा निम्म्याच बारकाईने साठवतं. फोटोत ते खपून जातं. काळं अक्षर पांढऱ्यावर टेकतं तिथे मात्र गाळाचे ठिपके उरतात. रेघा, हद्दी, नावं असलेला नकाशा व्हेक्टर पीडीएफमधूनच, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघा आणि आकार साठवणाऱ्या फाइलमधूनच छापावा. यावर वाद व्हायचं कारण मला दिसत नाही.

लालबागचा_प्रिंटर
मला दिसतं. साहेब, तुम्ही पीडीएफ देऊन घरी जाता, पुढचं आम्ही निस्तरतो. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की तुमचा फॉन्ट आमच्याकडे नसतो. ‘शिवडी’ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, ‘प्रभादेवी’तलं जोडाक्षर फुटतं. त्यात अर्धपारदर्शक थर असले की मशीनचं सॉफ्टवेअर गपगार. मागे गिऱ्हाईकांची रांग उभी असते. जेपेग जसं दिसतं तसं छापतं. फोटोशॉपमध्ये क्वालिटी १२ ठेवून सेव्ह करा आणि चार हातांवरून भुरी दाखवा, पैसे परत.

माहीमचा_नकाशेवाला
वेलांटीवर उपाय आहे. पीडीएफ काढताना अक्षरं ‘पाथ’ म्हणून काढायचा पर्याय असतो आणि क्यूजीआयएस स्वतःच त्याची शिफारस करतं. मग अक्षर म्हणजे नुसता आकार, फॉन्टची गरजच नाही. फाइल थोडी फुगते आणि नावं शोधता येत नाहीत, पण भिंतीवरच्या कागदात कोण शोधणार आहे?
आणि चार हातांवरून म्हणाल तर नकाशा कुणी चार हातांवरून बघत नाही. आपली बिल्डिंग सापडेपर्यंत माणूस नाक टेकवतो.

कुर्ला_जीआयएस
दोघांनाही विरोध नोंदवतो. ‘व्हेक्टर पीडीएफ’ असं म्हणताय, पण ती आतून व्हेक्टर आहे का, बघितलंत? एखाद्या थराला मल्टिप्लायसारखा ब्लेंड मोड (खालच्या थरात रंग मिसळायची पद्धत) लावला की क्यूजीआयएस तो भाग मुकाट्याने पिक्सेलमध्ये बदलतं. शिवाय पीडीएफमधल्या चित्रांसाठी ठरलेलं कॉम्प्रेशन जेपेगचंच असतं, काहीही न गाळणारं ‘लॉसलेस’ आपण निवडावं लागतं. म्हणजे ज्याला शिव्या देताय तेच पोटात घेऊन फिरताय. पीडीएफ उघडून एखाद्या अक्षराच्या कडेवर दाबून झूम करा. पायऱ्या दिसल्या तर रास्टर, म्हणजे पिक्सेलचं चित्र.
खाली उपग्रहचित्र असेल तर तेवढ्यापुरतं जेपेग मला बिलकुल खुपत नाही, फोटोच आहे तो.

माहीमचा_नकाशेवाला
ब्लेंड मोड माझ्या नकाशात नव्हता. बाकी मुद्दा मान्य.

परळ_पोस्टर
पीएनजीचं नाव कुणीच कसं काढत नाही? काहीही गाळत नाही, सपाट रंगांचा नकाशा असेल तर फाइलही आटोपशीर.

लालबागचा_प्रिंटर
पीएनजी १९९६ साली इंटरनेटसाठी आलं, त्यात सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे रंग, नाहीत. स्क्रीनवरचा झगझगीत निळा ऑफसेटला (प्लेटवरून होणाऱ्या छपाईला) जांभळट उतरतो आणि गिऱ्हाईक म्हणतं शाई खराब. टिफ नावाची चित्राची फाइल द्या, सीएमवायके करून.

कुर्ला_जीआयएस
ऑफसेटला खरं. पण एकच पोस्टर असेल तर ते प्लॉटरवर (मोठ्या कागदाच्या प्रिंटरवर) जाणार, आणि बहुतेक प्लॉटर आरजीबी (स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा रंग) घेऊन रंग आपले आपण बदलतात. तिथे पीएनजी चालेल.
टिफचा हिशेबही मांडतो. ए-झीरो म्हणजे ८४१ × ११८९ मिमी. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ९,९३३ × १४,०४३ पिक्सेल, सुमारे १४ कोटी. आरजीबीत दर पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे ४२ कोटी बाइट. एलझेडब्ल्यू कॉम्प्रेशन लावलं तर सपाट रंग चांगले आवळले जातात आणि काही गळत नाही. १५० डीपीआयला हाच आकडा चौथाईवर येतो. फोटोला तेवढं पुरतं, ६ पॉइंटच्या गल्लीच्या नावाला नाही.
आणि कृपा करून ७२ डीपीआयची फाइल उघडून नुसता ३०० आकडा टाकू नका. मोजायचे ते पिक्सेल.

परळ_पोस्टर
मग जागेचे अक्षांश-रेखांशही साठवणारं जिओटिफच द्यावं का?

कुर्ला_जीआयएस
कागदाला अक्षांश-रेखांश कळत नाहीत. जिओटिफ पुढच्या जीआयएसवाल्यासाठी, प्रेसला साधं टिफ द्या.

माहीमचा_नकाशेवाला
टिफला माझी ना नाही, पण ते दुसऱ्या पसंतीचं. डीपीआय एकदा ठरला की ठरला. संघाला उद्या दुप्पट मोठा नकाशा हवा झाला तर पीडीएफ तीच चालते, टिफ पुन्हा काढावं लागतं.

लालबागचा_प्रिंटर
दुप्पट मोठा लावायला भिंत कुठे आहे मुंबईत? बरं, असं करा. पीडीएफ पाथवाली आणि टिफ, दोन्ही पेनड्राइव्हवर आणा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलंत तर ते स्वतःच दाबून बारीक करतं, मग माझ्या नावाने ओरडू नका. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून. दोन्ही फाइलींचा एकेक ए-फोर तुकडा खऱ्या मापात काढून देतो, बघा आणि सांगा कुठली लावू.

माहीमचा_नकाशेवाला
चालेल. पण तुकडा धारावीच्या गल्ल्यांचा काढा, अरबी समुद्राचा नको.